घाण्यामागे पळीभर तेल

फेब्रुवारी २०२५ मधली गोष्ट. चाळीसगाव तालुक्यात एका लग्नाच्या पंगतीत बसलो होतो. पानात वरण-बट्टी, वांग्याची भाजी. शेजारच्या गृहस्थांनी एका हाताने बट्टी कुस्करत दुसऱ्या हाताने मोबाईल माझ्यापुढे धरला. "सर, तुम्ही फिजिक्सचे. हे खरं का? २०३२ ला आभाळातून दगड पडणार म्हणे, आणि त्या पट्ट्यात आपणही येतो."

बातमी खोटी नव्हती. २७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीतल्या एका दुर्बिणीला एक लघुग्रह सापडला होता. त्याचं नाव २०२४ वायआर४. २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता १८ फेब्रुवारीला ३.१ टक्क्यांवर पोचली. एवढ्या आकाराच्या दगडाबाबत इतका मोठा आकडा त्याआधी कधी निघाला नव्हता. आदळलाच तर कुठे, याचा जो लांबलचक पट्टा काढला होता, तो पॅसिफिकपासून आफ्रिका आणि अरबी समुद्र ओलांडून दक्षिण आशियापर्यंत येत होता. म्हणजे शेजाऱ्यांची भीती अगदीच हवेतली नव्हती. मी त्यांना म्हटलं, "आठ-दहा दिवस थांबा. हा आकडा अजून थोडा वाढेल, नाहीतर एकदम खाली येईल." तो आठवड्याभरात खाली आला, जवळजवळ शून्यावर. मग त्यांचा फोन आला, "बघा सर, आधी घाबरवलं, आता कानावर हात ठेवले."

त्या फोनपासून मी या लेखाचा विचार करतो आहे. ते गृहस्थ अडाणी नाहीत. तीस एकर केळी आहे, दोन मुलं इंजिनियर आहेत. पण आकडा वर का गेला आणि खाली का आला, हे त्यांना समजावून सांगेल असं त्यांच्या ओळखीत कोणी नव्हतं. तालुक्यातही जवळपास कोणी नव्हतं.

खरं तर ते समजायला फार काही लागत नाही. रात्री म्हैस दावं तोडून गेली, तर पहिल्यांदा आपण अख्खं शिवार शोधतो. शिवारात एक पडकी विहीर आहे. शोध जसजसा आवळत जातो, तसतसं उरलेलं रान लहान होतं. विहीर मात्र अजून त्या रानातच असते, म्हणून जिवाची धाकधूक वाढते. म्हैस विहिरीकडे सरकली म्हणून नव्हे, आपलं अज्ञान आक्रसलं म्हणून शक्यता वाढते. मग बांधापलीकडे खुराचे ठसे दिसतात, विहीर शोधाबाहेर पडते आणि काळजी क्षणात संपते. वायआर४ चं नेमकं हेच झालं. जगभरच्या दुर्बिणींनी रोज नवे ठसे टिपले आणि पृथ्वी त्या रानाबाहेर पडली. यात कोणी काही दडवलं नाही, कोणी उगाच घाबरवलंही नाही.

पण दगड केवढा, हा प्रश्न मागे उरला होता, आणि तो जमिनीवरून सुटेना. ४० ते ९० मीटर असा अंदाज होता. ४० आणि ९० मधला फरक म्हणजे एका गावाचं नुकसान आणि एका शहराचं नुकसान यांतला फरक. मार्च २०२५ मध्ये जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने तो मोजला: सुमारे ६० मीटर.

हे वेबलाच का जमलं, ते आमच्या खान्देशातल्या माणसाला शब्दांत सांगायचीही गरज नाही. मे महिन्यात रात्री नऊ वाजता जुन्या घराच्या ओट्यावर बसून बघा. ओट्याचा काळा दगड अंधारात दिसत नाही, पण बसल्याबरोबर चटका कळतो. आणि चुन्याने रंगवलेली पांढरी भिंत तोवर निवायला लागलेली असते. लघुग्रहांचं असंच असतं. लहान पण पांढुरका दगड आणि मोठा पण कोळशासारखा काळा दगड दुरून सारखेच उजळ दिसतात. नुसत्या प्रकाशावरून आकार काढायला गेलं की फसगत होते. त्यांची धग मोजली तर ती मात्र खरं सांगते. ही धग म्हणजे अवरक्त किरण. आपल्या वातावरणातली वाफ त्यातले बरेचसे मधेच गिळते, आणि जमिनीवरची दुर्बीण स्वतःही गरम असते, भोवतालची हवाही गरम असते. तापलेल्या तव्यावर हात ठेवून कोणाला ताप आलाय का बघण्यासारखं ते आहे. म्हणून २५ डिसेंबर २०२१ ला वेबला इथून पाठवलं आणि पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, टेनिसच्या मैदानाएवढ्या पडद्याच्या सावलीत, थंडगार ठेवलं. आरसा साडेसहा मीटरचा. मंगळ-गुरूच्या मधल्या पट्ट्यातला एखादा दगडही तिला त्याच्या धगीवरून ओळखता येतो.

अवकाश दुर्बीण म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे दूरच्या आकाशगंगांची रंगीत चित्रं येतात. आपल्या सूर्याच्या अंगणातलं काम त्यामानाने कोणाला माहीत नसतं. जुलै १९९४ मध्ये शूमेकर-लेव्ही ९ या धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळले, तेव्हा त्या जखमा हबल या अवकाश दुर्बिणीने टिपल्या. पृथ्वीपेक्षा मोठे काळे डाग होते ते. एखाद्या ग्रहावर आजही असा मार बसतो, हे माणसाने पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहिलं ते तेव्हा. २०१४ पासून हबल दर वर्षी बाहेरच्या मोठ्या ग्रहांच्या हवामानाची नोंद ठेवते आहे. २०२३ मध्ये वेबला शनीच्या एन्सेलाडस या चंद्रातून वाफेचा फवारा उडताना दिसला. चंद्र जेमतेम ५०० किलोमीटरचा आणि फवारा ९,६०० किलोमीटरहून लांब! सप्टेंबर २०२२ मध्ये नासाचं यान डायमॉर्फस या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं, तेव्हाही हबल आणि वेब दोघी बघत होत्या. त्या धडकेने डायमॉर्फसच्या त्याच्या मोठ्या जोडीदार लघुग्रहाभोवतीच्या फेरीची ११ तास ५५ मिनिटांची वेळ अर्ध्या तासाने कमी झाली. दगड ढकलता येतो हे त्यातून सिद्ध झालं.

आता माझा मुद्दा. या दुर्बिणींनी जे जे पाहिलं, ते सगळं जगासाठी उघडं आहे. ज्या शास्त्रज्ञाने वेळ मागून घेतला त्याला साधारण सहा महिने ते वर्षभर पहिला हक्क असतो. त्यानंतर हबलची आणि वेबची मूळ निरीक्षणं कोणीही, कुठूनही, फुकट उतरवून घेऊ शकतं. न्यूयॉर्कच्या प्राध्यापकाला जी फाइल मिळते, तीच पारोळ्याच्या पोराला मिळते. १९९० मध्ये हबल वर गेली, त्याच वर्षी जळगावला आपलं विद्यापीठ सुरू झालं. दोघांनाही पस्तीस वर्षं होऊन गेली. या पस्तीस वर्षांत त्या भांडारातून आपण किती काढलं? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून, असं आपण म्हणतो. इथे उलटं आहे. आड काठोकाठ भरलेला आहे, पोहराच कोणी सोडत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजांनी ही निरीक्षणं वाचायला शिकवावं. सार्वजनिक पैशाने शिकवावं, मराठीत शिकवावं, आणि हे काम हौशीवर सोडू नये.

विज्ञानासाठी काही करायचं ठरलं की आपल्याकडे पहिल्यांदा दुर्बीण विकत घेतात. एका कॉलेजात मी अशी दुर्बीण पाहिली आहे. मोठ्या थाटात उद्घाटन झालं, फोटो छापून आले, दोन पावसाळे गेले. मी कपाट उघडायला लावलं तेव्हा भिंगावर बुरशीची जाळी पसरलेली होती, आणि तिपाईचा एक स्क्रू हरवला म्हणून ती वर्षभर उभीच राहिली नव्हती. वस्तू घेतली, माणूस तयार केला नाही. त्या दुर्बिणीच्या पैशांत दहा संगणक, बरं इंटरनेट आणि एका शिक्षकाचं दोन महिन्यांचं प्रशिक्षण झालं असतं. आभाळाकडे डोळे लावायला तोरणमाळसारखी काळोखी रात्र लागते, हे खरं आणि सुंदर आहे. मुलांना तिथे न्यावंच. पण संशोधनाची सुरुवात आता प्रयोगशाळेतल्या टेबलावरून होते.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. २०२० च्या टाळेबंदीत माझी एक विद्यार्थिनी गिरणेकाठच्या तिच्या गावात अडकली होती. हबलच्या जुन्या छायाचित्रांत लघुग्रहांच्या रेषा शोधायचा एक लोकसहभागाचा उपक्रम तेव्हा चालू होता, त्याचा दुवा मी तिला पाठवला. पत्र्याच्या घरात दुपारी बसवत नसे, म्हणून ती निंबाखाली खाटेवर बसून मोबाईलवर चित्रं बघायची. आजी विचारायची, "काय देखी राह्यनी वं माय?" एका दिवशी तिचा मेसेज आला, "सर, ही रेष वाकडी का आहे? दगड सरळ जायला पाहिजे ना?"

मला इतका आनंद झाला की मी लगेच फोन लावला. कारण ती रेष वाकडी असते यातच सगळी गंमत आहे. हबल एका जागी उभी नसते, सुमारे ९५ मिनिटांत पृथ्वीभोवती एक चक्कर मारते. एकेक छायाचित्र अर्धा-अर्धा तास चालतं. तेवढ्या वेळात हबलच हजारो किलोमीटर सरकलेली असते, म्हणून जवळचा दगड मागच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर डुलतो आणि त्याची रेष भुवईसारखी बाकदार उमटते. मी तिला म्हटलं, अंगठा डोळ्यांसमोर धर, एकदा डावा डोळा मीट, एकदा उजवा. अंगठा हलला ना? आता हात लांब कर. कमी हलला. रेषेचा बाक जेवढा जास्त, दगड तेवढा जवळ. म्हणजे एकाच चित्रावरून अंतर निघतं, आणि अंतर व उजेड यांवरून आकाराचा अंदाज येतो.

११,००० हून अधिक स्वयंसेवकांनी मिळून त्या उपक्रमात ३७,००० च्या वर चित्रं चाळली. त्यांच्या खुणांवर शिकवलेल्या संगणकाची मदत धरून १,७०१ रेषा सापडल्या, आणि त्यांतल्या हजाराहून अधिक रेषा ज्यांची नोंद नाही अशा लघुग्रहांच्या निघाल्या. कोणी आकाशगंगा टिपायला गेलं होतं, कोणी तेजोमेघ, आणि हे दगड मधून चालत गेले होते. वीस वर्षांतली ती चित्रं भांडारात पडून होती. या मुलीने खूण केलेली एखादी रेष त्यांत असेल का, ते सांगता येत नाही. पण बी.एस्सी.च्या तीन वर्षांत तिने मला जेवढे प्रश्न विचारले नव्हते, तेवढे त्या पंधरा दिवसांत विचारले.

निंबाखाली बसून ती जे शिकली त्याला आज मराठीत पराशय म्हणतात. जुना शब्द आहे लंबन. सूर्यग्रहणाचं गणित करताना, बघणारा पृथ्वीच्या मध्यावर नसून पृष्ठभागावर आहे, म्हणून चंद्र किती सरकलेला दिसेल ते काढावं लागतं. भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणीत या लंबनाची चर्चा केली आहे. ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. आणि तिच्या गावाहून भास्कराचार्यांच्या नावाशी जोडलेलं चाळीसगावजवळचं पाटण म्हणजे मोटारसायकलवर काही वेळाचा रस्ता!

भास्कराचार्यांच्या जन्मगावाचा वाद मला इथे उकरायचा नाही. पाटणच्या शिलालेखाबद्दल मात्र वाद नाही. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०७ च्या सुमाराचा तो लेख. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यादवराजा सिंघणाच्या दरबारात ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ काढला आणि तिथल्या निकुंभ सामंतांनी त्याला दान दिलं. हे संस्कृतात कोरलेलं आहे. पण लेखाच्या शेवटी भाषा बदलते आणि मराठी सुरू होते. कारण शेवटचा भाग पंडितांसाठी नव्हता, व्यापाऱ्यांसाठी आणि तेल्यांसाठी होता. मठाचा खर्च कशातून चालायचा हे त्यांना कळायला हवं होतं: पाटणच्या बाजारात जो माल विकला जाईल त्यावरच्या करातला वाटा मठाला, आणि जेवढे घाणे चालतील तेवढ्या घाण्यांमागे पळी पळी तेल.

मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुढे काही वाचू शकलो नाही. आठशे वर्षांपूर्वी खान्देशच्या बाजारातला एक तेली घाण्यामागे पळीभर तेल देत होता, आणि त्यावर रात्री दिवा लावून कोणी पोरगं ग्रहांच्या गती शिकत होतं. त्या तेल्याला गती कळत नसतील. पण आपल्या गावात ते शिकवलं जातंय आणि आपल्या पळीतून शिकवलं जातंय, एवढं त्याच्या भाषेत त्याला लिहून दिलेलं होतं.

आता कोणी म्हणेल, कापसाला भाव नाही, पोरांना नोकऱ्या नाहीत, आणि तुम्ही आभाळाचं काय घेऊन बसलात. या प्रश्नाला मी कमी लेखत नाही. माझ्याच घरात तो विचारला गेलाय. पण पंगतीतल्या त्या केळीवाल्या गृहस्थांकडेच बघू. त्यांचा फळपीक विमा हवामानावर ठरतो. मंडळातल्या केंद्रावर तापमान ठरलेल्या आकड्याच्या वर गेलं, सलग तेवढे दिवस टिकलं, तर भरपाई. एका वर्षी त्यांच्या बागेत घड करपले आणि केंद्राच्या नोंदीत पारा अर्ध्या अंशाने खाली राहिला. त्यांना ठाम माहीत होतं की काहीतरी चुकतंय. पण नोंद मागायची कशी, यंत्राची चूक किती धरायची, शेजारच्या केंद्राशी ताडायचं कसं, हे येत नव्हतं. अर्ज केला, हेलपाटे घातले, गप्प बसले. वायआर४ च्या बाबतीत त्यांना जे अडलं, नेमकं तेच इथे अडलं. आकडा दुसऱ्याच्या हातात आहे, आणि तो कसा निघाला हे आपल्याला विचारता येत नाही. हबलची फाइल उघडून ठिपका तारा आहे, दगड आहे की यंत्रातला दोष, हे ठरवायला जी मुलगी शिकली, ती हवामान केंद्राच्या नोंदीवरही बोट ठेवू शकते. ही दोन वेगळी शिक्षणं नाहीत. शिवाय पोटापाण्यासाठी आभाळ सोडून देऊ असं म्हटलं, तर पाटणच्या मठाच्या काळातल्या दुष्काळांचं काय? ते त्या काळीही पडत होते, आणि तरीही घाण्यामागे पळी दिली जात होती.

दुसरा आक्षेप, या दुर्बिणी परक्यांच्या आहेत. आहेत. ग्रह आणि लघुग्रह बघायला आपली स्वतःची अवकाश दुर्बीण अजून नाही. २०१५ साली सोडलेली ॲस्ट्रोसॅट आहे, तिच्यामागे पुण्याच्या आयुकासारख्या संस्था आहेत, आणि तिचीही निरीक्षणं खुली आहेत. तिचा रोख मात्र तारे आणि कृष्णविवरांवर. ग्रहांसाठी दुर्बीण व्हावी असं मलाही मनापासून वाटतं. ती होईल तेव्हा वाचणारे कुठून येणार? आणि परकेपणाबद्दल एक गोष्ट ऐकून ठेवावी. हबलवर वेळ मागायला कुठल्याही देशाचा शास्त्रज्ञ अर्ज करू शकतो, आणि २०१८ पासून परीक्षकांपुढे जाणाऱ्या अर्जावर ना अर्जदाराचं नाव असतं ना संस्थेचं. नुसता प्रश्न वाचला जातो. आपल्याकडे किती ठिकाणी आडनाव आणि कॉलेज न बघता अर्ज वाचतात?

या आभाळाशी खान्देशचं नातं नुसतं पाटणपुरतं नाही. १८४३ च्या जून महिन्यात एदलाबादजवळ, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरजवळ, मानेगावला एक उल्का पडली. आज जगातल्या संग्रहालयांत तिचे मिळून जेमतेम काही तोळे उरलेत. ती डायोजेनाइट जातीची, आणि ही जात व्हेस्टा या लघुग्रहाच्या पोटातून येते असं शास्त्रज्ञ मानतात. व्हेस्टा सव्वापाचशे किलोमीटर रुंद. एवढ्या गोळ्याच्या आतला दगड बाहेर कसा आला? १९९० च्या दशकात हबलने व्हेस्टाचे फोटो घेतले, तेव्हा तिच्या दक्षिण ध्रुवाशी एक प्रचंड खड्डा दिसला. ४६० किलोमीटरचा, भुसावळहून रेल्वेने मुंबई गाठावी एवढा. २०११ मध्ये डॉन यान तिथे पोचलं आणि त्याने तो जवळून पाहिला. कुठल्याशा जुन्या धडकेत व्हेस्टाचा लचका तुटला, तुकडे सूर्याभोवती फिरत राहिले, आणि त्यांतला एक तापीच्या खोऱ्यात उतरला. मानेगाव परिसरातल्या किती शाळांत हे सांगितलं जातं?

मागायचं ते अवाजवी नाही. प्रत्येक तालुक्यात एका कॉलेजात एक तयार शिक्षक, आणि आठवड्यातले दोन तास खऱ्या निरीक्षणांवर काम. त्या कामाला विद्यापीठाने प्रकल्पाचे गुण द्यावेत, नाहीतर परीक्षेच्या महिन्यात मुलं ते सोडून देतात आणि त्यांचं चुकतही नाही. मराठीतून पाठ तयार व्हावेत, कारण मुलं इंग्रजीत अडतात, विषयात नाही. आणि पैशांचं म्हणाल, तर आपल्या बाजार समित्यांच्या सेसमधून वर्षाला एक छोटी रक्कम याला द्यायला काय हरकत आहे? कायद्यात बसतं की नाही ते तज्ज्ञांनी बघावं, बसत नसेल तर बसवावं. दाखला आपल्याच जिल्ह्यात दगडावर कोरलेला आहे.

जूनपासून आम्ही दर शनिवारी दुपारी दोन तास बसणार आहोत. सात मुलं आलीत, पैकी दोन मुक्ताईनगरची. गिरणेकाठची ती मुलगी आता शिक्षिका आहे, पहिला पाठ तीच घेणार आहे. प्रयोगशाळेचा शिपाई शनिवारी थांबायला तयार झालाय. संगणक तीन आहेत, त्यांतला एक मधूनच बंद पडतो. पहिली फाइल उघडायची ती व्हेस्टाची.